तिसरी तार चढी आहे

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून लोक माझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागले होते. ऑपरेशन गळ्याचं होतं, कानांचं नव्हतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

गाठ साधीच निघाली, खुदाची कृपा. बिश्केकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलणं नीट राहील. गाण्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही." मानेवर आडवी रेघ राहिली, ती मी रुमालाखाली झाकते. आवाज परत आला, पण खाली उतरून आला. थोडा जाड, थोडा खरखरीत. पहिले काही दिवस मला तो परका वाटायचा. मग भांडी घासताना, अंगण झाडताना गुणगुणून बघितलं, तेव्हा कळलं की खालच्या सुरांत तो चांगला नांदतोय. मला तर तो आवडायलाही लागला होता.

जोमार्त, माझा नवरा, गिटार वाजवतो. शिकलेला नाही, कॉलेजात गिर्यारोहणाच्या क्लबात होता, तिथं तंबूत बसून पोरांकडून उचललेली विद्या. मीही त्याच क्लबात. 'खिंडीचं गाणं' त्यानं तेव्हाच बांधलं, माझ्यासाठी, असं तो सांगतो. आमच्या काराकोल गावात कुणाकडे तोय असली, लग्नाची नाहीतर साठीची, की जेवणं झाल्यावर ते गाणं व्हायचंच. मी गाणार, तो वाजवणार. नोकरीनं तो वीज मंडळात इंजिनियर. त्यामुळे काट्यावर आणि दिव्यावर त्याचा भारी विश्वास. मीटर म्हणतो ते खरं.

मी घरी येऊन महिना झाला तेव्हा त्यानं माझ्यासाठी म्हणून बिश्केकच्या बाजारातून कॅपो आणला होता. गिटारीच्या मानेवर ज्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, असतात, त्यांच्यापाशी बसवायचा स्प्रिंगचा चिमटा. जिथं बसवाल तिथून सगळ्या तारा एकदम दाबल्या जातात.

"तुझा आवाज खाली गेलाय ना," तो उत्साहानं म्हणाला, "मग मी बोटांची पकड बदलतो, खालची घेतो. ती जरा जास्तच खाली जाते, म्हणून दुसऱ्या पडद्यावर हा चिमटा. झालं! गाणं बरोबर तुझ्या गळ्यापाशी येऊन उभं राहतं."

मला भरून आलं. हा माणूस महिनाभर यावर विचार करत बसला होता. मी खाकरले, तयार झाले. त्यानं गिटार गुडघ्यावर घेतली, मोबाईलवर सूर मोजणारं ॲप लावून तो टेबलाशी टेकवून उभा केला, एकेक तार छेडून खुंट्या पिळल्या. प्रत्येक तारेला मोबाईलवर हिरवा दिवा लागला. मग त्यानं कॅपो दाबून उघडला, दोन पडद्यांच्या बरोबर मध्ये खटकन बसवला आणि सुरू केलं.

पहिल्याच झंकाराला माझे दात आंबले.

"तिसरी तार चढी आहे," मी म्हणाले.

"कुठली?"

"तिसरी. आणि ती सर्वांत जाड आहे ना, तीही. चावतायत कानाला."

"आत्ता तुझ्यासमोर लावल्या ना?" त्यानं कॅपो काढला, तार पुन्हा छेडली. "बघ. हिरवा."

"कॅपो लावून बघ की."

"कॅपो लावल्यानं तार बदलते का गं? तीच तार, तोच ताण. सगळ्या एकाच जागी दाबल्या म्हणजे सगळ्या सारख्याच चढणार. हे साधं गणित आहे."

गणितापुढं मी काय बोलणार! मी गायला लागले. गिटार म्हणे इकडे ये, माझा कान म्हणे तिकडे जा. तिसऱ्या तारेला धरून गावं तर बाकीच्या तारा सोडून जात. त्यांना धरावं तर तिसरी मागून टोचणार. दुसऱ्या कडव्यात मी थांबले.

जोमार्तनं गिटार बाजूला ठेवली आणि अतिशय प्रेमानं, अगदी सावकाश म्हणाला, "घाई नको करू. डॉक्टर म्हणाल्या होत्याच ना, गाण्याचं सांगता येत नाही."

त्या प्रेमानं माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं शिवीनंही फिरलं नसतं.

त्यानंतर घरात रोज हेच. मी म्हणायची तार चढी, तो म्हणायचा हिरवा दिवा. कधी म्हणायचा हवा कोरडी आहे. कधी म्हणायचा तारा नव्या आहेत, ताणून बसायला वेळ घेतात. एकदा म्हणाला, भिंतीवरचा गालिचा आवाज खातो. गालिचा माझ्या आईनं दिलेला, वीस वर्षं त्याच भिंतीवर. त्याला आत्ता भूक लागली! पण या सगळ्या सबबी तो माझं मन राखायला सांगत होता. मनातून त्याला खात्री होती की कारण माझ्या रुमालाखाली आहे.

एकदा तो कामावर असताना मी स्वतः गिटार खाली काढली. आयुष्यात कधी हातात धरली नव्हती. कॅपो बसवला, तो बसवायचा तसाच. मोबाईल समोर ठेवला आणि तिसरी तार छेडली. काटा उजवीकडे गेला आणि दिवा लाल झाला. पुन्हा छेडली. पुन्हा लाल. कॅपो काढला, हिरवा. लावला, लाल. मी आनंदानं एकटीच ओरडले.

तो घरात शिरतो न शिरतो तोच मी त्याला बूटही काढू दिले नाहीत. "ये, बघ. छेडते हं मी."

लाल दिवा त्यानं बघितला. मग माझ्याकडे बघितलं. "तू फार जोरात छेडलीस," तो म्हणाला. "जोरात ओढली की तार चढतेच थोडी. आणि कॅपो वाकडा लावलायस. हे काय असं घासणीसारखं धरतात?"

"मग तू लाव. तू छेड."

"सायरागुल, मी दिवसभर खांबावरच्या तारा बघून आलोय. आता घरातल्या तारा नको. चहा दे."

मी चहा दिला. दिला कसला, आदळला. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझाही विश्वास डळमळला. मला वाजवता येत नाही. लावला असेन वाकडा. आणि ऑपरेशन करून आलेल्या माणसाच्या कानात काय काय वाजत असतं, कुणी सांगावं? मी एकटी असताना गुणगुणणंही कमी केलं.

मग वसंतात शेजारच्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून कॅफेत तोय होती. तमादानं, म्हणजे तोयच्या सूत्रधारानं, माईकवर आमचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या. मी नको म्हणत होते. जोमार्त म्हणाला, "चल गं, आपलीच माणसं आहेत."

आपलीच माणसं होती, म्हणूनच जास्त लागलं. पहिल्या कडव्यात लोक झुलत होते. दुसऱ्यात काहींनी ताटात बघायला सुरुवात केली. माईकमधून ती तिसरी तार दुप्पट होऊन येत होती आणि मी तिच्यापासून पळत होते. पळताना माझाच सूर सुटला, ओढून आणला, पुन्हा सुटला. गाणं संपल्यावर टाळ्या फार जोरात झाल्या. आजारी माणसाला बघायला गेल्यावर आपण जसं मोठ्यानं हसतो ना, तशा.

झुरा एजे, म्हणजे झुराताई, उठून माझ्यापाशी आल्या. त्या संगीतशाळेच्या माजी मुख्याध्यापिका. अर्धं काराकोल त्यांच्या हाताखाली सारेगम शिकलंय. दर उन्हाळ्यात जेती-ओगुझच्या वरच्या कुरणावर गिटारवाल्यांचा जो मेळावा भरतो, तो त्याच भरवतात. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"सायराश, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शरीर आहे. यंदा तू विश्रांती घे."

"एजे, गिटार चढी होती. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"काहीतरी बिनसलेलं ऐकू आलं," त्या म्हणाल्या आणि माझ्या रुमालाकडे बघून नजर वळवली. "तू मनाला लावून घेऊ नकोस."

एका बाजूला चकचकीत गिटार, दुसऱ्या बाजूला कापलेला गळा. निकाल कुणाच्या विरुद्ध लागणार हे सांगायला पंच कशाला हवा? घरी जाताना मी जोमार्तला म्हटलं, "मी पुन्हा गाणार नाही." त्यानं खांद्यावर हात ठेवला. वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

मेळाव्यात 'खिंडीचं गाणं' झालंच पाहिजे, असं झुरा एजेंचं मत पडलं. म्हणून बेगायिमला बोलावलं. बेगायिम माझ्या नणंदेची मुलगी, बिश्केकला शिकते. गोड, उंच आवाज, जीभ मात्र तिखट. तिला मी कडेवर घेऊन वाढवलंय, तिच्यावर राग धरणं शक्यच नव्हतं. तरीही ती माझं गाणं शिकायला माझ्याच घरात आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन कणकेचा गोळा असा बदडला की टेबल हललं. पोरगी आलीय तर बोरसोक तळायचे होते.

दार उघडंच होतं. मी तेलात बोरसोक सोडत होते आणि ऐकत होते. तिचा आवाज उंच, म्हणून जोमार्तनं त्याची जुनी पकड घेतली आणि कॅपो चौथ्या पडद्यावर लावला. मोबाईलवर तारा अर्थातच त्याआधी लावून झाल्या होत्या. त्यानं सुरुवात केली. ती एक ओळ गायली, अर्धी ओळ गायली, थांबली.

"ताइके, थांबा," ती मामाला म्हणाली. "गिटार चढी आहे. तिसरी तार बघा."

तेलात बोरसोक फुगून वर आले होते. मी झारा हातात घेऊन तशीच उभी.

"हो का?" जोमार्त म्हणाला. आणि त्यानं मोबाईल उचलला! कॅपो न काढता! तार छेडली. "अरे, खरंच की. लाल दाखवतंय. किती चढलीय!"

"कॅपो लावल्यावर पुन्हा बघावं लागतं ना," बेगायिम म्हणाली. "आणि तुम्ही तो पडद्यांच्या मधोमध लावलाय. तिथं तार जास्त वाकते. पडद्याला अगदी लागून, मागे लावा. बापरे, स्प्रिंग किती कडक आहे! याच्यानं चढणारच. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी गॅस बंद केला. झारा घेऊनच बाहेर गेले.

"सांग," मी म्हणाले. "सांग तिला, कुणी सांगितलं नाही ते."

जोमार्तचं तोंड बघण्यासारखं झालं. "सायरागुल, अगं, तू म्हणत होतीस ते..."

"मी म्हणत होते तेच! हेच शब्द! तिसरी तार म्हटलं, जाड तार म्हटलं, कॅपो लावून बघ म्हटलं. मोबाईलवर दाखवलं तुला, हातानं छेडून! तेव्हा मी जोरात छेडली होती. तेव्हा मी वाकडा लावला होता. आईचा गालिचा आवाज खात होता! हिनं दीड ओळ गाऊन सांगितलं आणि तू लगेच मोबाईल काढलास. का? हिच्या गळ्यावर रेघ नाही म्हणून?"

"ताइजेंगे..." बेगायिम घाबरून मला, तिच्या मामीला, म्हणाली.

"तू गप्प बस गं बाई, तुझी काही चूक नाही. तुझ्यासाठीच तळतेय." असं म्हणून मी पुन्हा आत गेले, आणि मग मात्र रडले. तेलाचा धूर डोळ्यांत गेला असं म्हणायची सोय होती, पण मी म्हटलं नाही.

जोमार्तनं माफी मागितली. पण त्याची माफी म्हणजे दुरुस्ती. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यानं सकाळपासून गिटार टेबलावर आडवी पाडली. मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांमधून जातात, त्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासून भरलं. बेगायिमनं सांगितलं होतं, तारा तिथं अडकतात आणि नंतर मनाला येईल तेव्हा सुटतात. स्प्रिंगचा चिमटा खणात फेकला आणि बेगायिमचा स्क्रूवाला घेतला, त्याचा दाब कमी-जास्त करता येतो. मग दिवसभर टणटण. लाव, पडद्याला भिडव, स्क्रू जेवढ्यास तेवढाच पिळ, तारा जरा वर उचलून सोड, मग पुन्हा लाव. खुंटी आधी सैल करून सूर खालून वर आणायचा, वरून खाली नाही. संध्याकाळी तो माझ्यासमोर गिटार घेऊन उभा राहिला.

"आता गाऊन बघ."

"नाही."

"सायरागुल, माझं चुकलं. मी दिव्याकडे बघत होतो, ऐकत नव्हतो."

"बरं."

"मग गा ना."

"नाही म्हटलं ना! वसंतभर मी स्वतःला बहिरी समजत होते, जोमार्त. मला बरं वाटेल तेव्हा मी गाईन. तुझी गिटार बरी झाली म्हणून नाही."

त्यानंतर रोज संध्याकाळी तो कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावून, तारा जुळवून, 'खिंडीचं गाणं' नुसतं वाजवत बसायचा. गा म्हणायचा नाही. सूर स्वच्छ होते, हे मला स्वयंपाकघरातूनही कळत होतं. एके दिवशी कांदा चिरताना माझ्या लक्षात आलं की मी गातेय. त्यालाही ऐकू आलं असणार, कारण त्याची बोटं अडखळली. मी तरीही बाहेर गेले नाही.

झुरा एजेंना बेगायिमनं परस्पर फोन केला. "मी माझी वेगळी गाणी गाईन," ती म्हणाली, "ते गाणं ताइजेंगेंचं आहे." एजे घरी आल्या, पियाल्यातला चहा गार करत बसल्या आणि म्हणाल्या, "बेगायिमनं सांगितलं गिटारीचं. मला ओळखायला हवं होतं. आयुष्य त्यात गेलं माझं."

"हो, हवं होतं," मी म्हणाले. मोठ्या माणसाशी असं बोलू नये, मला माहीत आहे. त्यांनी मान डोलावली आणि चहा प्यायला.

मेळाव्याच्या दिवशी कुरणावर कडक ऊन होतं आणि बर्फावरून गार वारा सुटला होता. तंबू, धूर, लगाम धरून उभी केलेली घोडी, गवतावर पसरलेली माणसं. आमचं नाव पुकारलं. जोमार्त घाबरला होता, माझ्यापेक्षा जास्त. त्यानं झाडाखाली सावलीत तारा जुळवल्या होत्या. उन्हात येऊन उभा राहिला, कॅपो लावला आणि तसाच थेट वाजवायला हात उचलला.

"थांब," मी म्हणाले. माईक चालू होता, ते सगळ्या कुरणाला ऐकू गेलं. "कॅपो लावून बघ आधी."

"बघितलंय ना, तिकडे..."

"इथं बघ. माझ्यासमोर."

लोक हसले. मागून एकजण जोमार्तला ओरडला, "बायके, अहो दादा, लग्न करून फसलात!" दुसरा म्हणाला, "तोवर आम्ही मेंढरू कापून शिजवतो!" जोमार्तचे कान लाल झाले. पण त्यानं मोबाईल काढला नाही. कान गिटारीच्या अंगाला टेकवला आणि एकेक तार ऐकू लागला. तिसरी खरंच हलली होती, उन्हानं की वाऱ्यानं कोण जाणे. त्यानं ती खाली सोडली, हळूहळू वर आणली, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अजून नाही. त्यानं आणखी किंचित पिळली. मग मी मान डोलावली. लोक खोळंबले होते, कुणीतरी शीळ घालत होतं. मला कसलीच घाई नव्हती.

मग मी गायले. या जाड, खरखरीत आवाजात मी ते गाणं लोकांपुढं पहिल्यांदा सुरात म्हटलं. खालच्या ओळींना तर तो जुन्या आवाजापेक्षा शोभत होता. समोर झुरा एजे डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटच्या कडव्यात एक जागा आहे, 'खिंड उघडली' म्हणताना सूर वर चढतो. मी चढले, आणि हाताशी आलेला सूर निसटला. पोहोचलेच नाही. सरळ खाली पडला. गिटार तिथं खणखणीत सुरात उभी होती आणि मी तिच्या खाली होते. मी पुढची ओळ धरली आणि गाणं पुरं केलं.

टाळ्या झाल्या. त्या खऱ्या होत्या की कीव होती, हे मी बघायला थांबले नाही. झाडाखाली आलो तसा जोमार्त घाईघाईनं म्हणाला, "ती वरची जागा... पुन्हा तिसरी तार हलली असेल. वारा होता. मी बघतो."

"तार बरोबर होती. तो माझा गळा होता."

तो अजूनही माझं मन राखणारं काहीतरी शोधत होता, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "सबब शोधू नकोस. पडला सूर, तर पडला. मला कळला, तुलाही कळला."

"मग कॅपो पहिल्या पडद्यावर घेऊ या का?" त्यानं विचारलं. "गाणं आणखी थोडं खाली येईल. ती जागा मिळेल तुला."

"खालच्या ओळी फार खाली जातील."

"जातील. पण बघू तर."

मी चिडलेलीच होते. त्याच्यावर, त्या निसटलेल्या सुरावर, आणि मागून शीळ घालणाऱ्या त्या मूर्खावरही. पण भूक लागली होती आणि बेगायिम माझ्यासाठी रश्श्याचं भांडं घेऊन येत होती. मी गवतावर बसले. जोमार्तनं स्क्रू सैल केला, कॅपो पहिल्या पडद्याला भिडवला आणि जाड तारेपासून पुन्हा लावायला सुरुवात केली.

"चढी आहे," मी तोंडात घास असतानाच म्हणाले.

"माहीत आहे गं," तो वैतागून म्हणाला, "लावतोय ना!"